कल्याणप्पांची लस

गुरांच्या डॉक्टरनं गावात खुरकुताची लस टोचली, त्या दिवसापासून दूध सोसायटीचे चेअरमन कल्याणप्पा स्वतःच डॉक्टर झाले! "रोगाचाच अंश आधी थोडा द्यायचा, म्हणजे खरा रोग आला तरी अंग घाबरत नाही," एवढं ऐकलं आणि त्यांना जिथंतिथं लस दिसू लागली. लग्न ठरलेल्या पुतणीला रोज कारलं वाढायला लावलं: ही सासूची लस! बैठकीआधी सेक्रेटरी रामलिंगकडून दोन शिव्या ऐकून घेतल्या: ही बैठकीची लस!

पण खरं दुखणं घरात होतं. बहात्तरचा दुष्काळ विसरतो न विसरतो तोच पुन्हा विहिरी आटल्या होत्या, आणि अशात सोसायटीचा जर्सी वळू आपल्या गोठ्यात बांधायचं कल्याणप्पांनी भर बैठकीत कबूल केलं होतं. बायकोला न विचारता! सोमवारपर्यंत वळूची सोय झाली नाही तर तो शेजारच्या गावाला जाणार होता, आणि चेअरमनची अब्रूही त्याच्या मागोमाग.

"वहिनी घर डोक्यावर घेतील," रामलिंग म्हणाला.

"लस देतो की! थोडी थोडी."

पहिल्या दिवशी जेवताना, "अगं, सोसायटीची पेंड ठिवू का गोठ्यात?"

"ठिवा की," शिवकांता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, "एखादं वासरू बांधलं तर?"

"बांधा."

तिसऱ्या दिवशी, "वासरू जरा थोराड हाय बरं का!"

"असू द्या."

कल्याणप्पांना आनंद पोटात मावेना! बायको रोजच पुढं काहीबाही बोलत राहिली, हे नुसतं "हूं, हूं" करत राहिले.

सोमवारी हलगी वाजवत वळू आला. गोठ्याच्या दारात हलगी गप्पच झाली. दावणीला दोन परक्या म्हशी, आणि शेजारी बाजेवर सासूबाई जगदेवी पान कुटत बसलेल्या!

"या जावईबापू! आमच्याकडं घोटभर पानी न्हाय. आता पाऊस पडस्तोवर हितंच."

"अगं, मला सांगायचं तरी!" कल्याणप्पा बायकोवर ओरडले.

"सांगितलं की! पयल्या दिशी म्हणलं, आईची हीर आटली. तुमी हूं! दुसऱ्या दिशी म्हणलं, आईला आणू का? हूं! तिसऱ्या दिशी, म्हशींसकट? तवाबी हूं! थोडं थोडं द्यावं, हे तुमीच शिकिवलं न्हवं?"

वळू शेवटी ओसरीवर बांधला, कल्याणप्पांच्या बाजेच्या जागी. बाज गेली दूध केंद्रात, कॅनच्या रांगेत, आणि बाजेमागं चेअरमन!

दुसऱ्या दिवशी सकाळी रामलिंगनं हळूच विचारलं, "लस लागू न्हाय पडली व्हय?"

"पडली की!" कल्याणप्पा पाठ चोळत म्हणाले. "लस चोख हाय. टोचायचं जनावर चुकलं."