ज्यास देव नाही तो धर्मबाप नेमिला, त्याची हकिगत

श्रीबाप, श्रीपुत्र आणि श्रीपवित्र आत्मा तिघेही प्रसन्न असोत, आणि लिहिणाराच्या हातून कमीजास्त लिहिले गेल्यास तिघांपैकी एकाने तरी पोटात घालावे. शके अठराशे ब्याण्णव, साधारणनाम संवत्सर, माघ मास, उपासकाळ लागावयास थोडकाच अवकाश होता, ते समयी समुद्रकाठच्या एका राज्यात जे वर्तमान घडले ते निवेदन करितो. राज्याचे नाव सांगावयाची मोकळीक नाही. राज्य म्हणजे केळीच्या बागा, आणि तीन आळ्या, आणि मध्ये एक उंच देऊळ, आणि देवळात क्रूस, आणि क्रुसापुढे सारी रयत गुडघे टेकोन. त्या देवळाचे कारभारी कैतानजी म्हणोन थोर पुरुष होते. घंटा कोणी वाजवावी, सणास मेणबत्त्या कोठून आणाव्या, मिस्सेची उपासना चालू असता मागच्या बाकावर कोण हसले, हे सर्व त्यांचे नजरेखाली चाले, आणि रोझरी म्हटल्यावाचून पानावर बसावयाचे नाही, ऐसा घरचा कायदा.

ऐसे निष्ठावंत घर, आणि त्याच घरात चिरंजीव दुमिंग जन्मास आले. दुमिंग शहरी जाऊन शिकले, शाळेत विज्ञान शिकवू लागले, आणि आई मोनिकाबाई वारल्यावर काही काळाने, एके रविवारी, देवळास निघालेल्या बापास म्हणाले, "बाबा, मी येत नाही. माझा विश्वास उरला नाही. उगाच बसून काय करू?" ना ओरडले, ना भांडले, चहाचा कप विसळता विसळता बोलले. भांडले असते तर कैतानजींस सोपे गेले असते. भांडणारास दरडावता येते, कप विसळणारास काय दरडावणार?

मग राज्यात मसलती बसल्या. स्वतंत्र विचाराचा माणूस यापूर्वी कोणी जवळून पाहिला नव्हता, म्हणोन ज्याने त्याने तो आपल्या मनाजोगा घडविला. कोणी म्हणे, शुक्रवारचे वर्ज्य मटण खाता यावे म्हणोन देव सोडला. कोणी म्हणे, शहरात कोणी बाई असणार, त्याशिवाय का! कैतानजींच्या लेकीची नणंद मार्तिनबाय, जिच्या जिभेस हाड म्हणोन नव्हते, ती विहिरीवर म्हणाली, "अगं, देव नाही म्हणतो म्हणजे देवावर रुसलाय तो. आई गेली ना त्याची! मरताना बघा, पहिली हाक येशूलाच मारतोय की नाही." आणि आया पोरांस सांगत, अभ्यास कर, पण फार नको, दुमिंग होशील. या मसलतींत मते नाना प्रकारची, परंतु एका गोष्टीवर तिन्ही आळ्यांचा एकविचार जाहला, तो ऐसा की, ज्याच्या डोक्यावर देव नाही त्यास खोटे बोलावयास, चोरी करावयास, काय वाटेल ते करावयास अडवणार कोण? दुमिंगने कोणाच्या बागेतील केळे तोडल्याचेही ऐकिवात नव्हते. त्यावर लोक म्हणत, बेरकी आहे, संधी बघतोय.

कैतानजींस केळ्यांची फिकीर नव्हती. त्यांची फिकीर ऐसी की, आपण उद्या स्वर्गात जाऊ, आणि मोनिका दारातच विचारील, माझा दुमिंग कुठाय? तेव्हा काय सांगावे? पोरगा नरकाच्या आगीत आणि आपण वर देवदूतांची गाणी ऐकत बसावे, तो स्वर्ग घेऊन करायचाय काय? या एका विचाराने म्हातारा आतून पोखरला होता, आणि कोणापाशी बोलावयाची सोय नव्हती, कारण धर्माविषयी शंका आली की रयत त्यांच्यापाशीच येई.

अशात लेक इझाबेल बाळंत होऊन पुत्र जाहला. पोर नाजूक, दूध पोटात ठरेना, छाती घरघरे. जिवावर बेतले नव्हते, म्हणोन घरच्या घरी डोक्यावर पाणी घालावयाची सवलत लागू नाही, आणि बाप्तिस्म्यावाचून मूल दगावले तर स्वर्गाचे दार त्यास बंद, ऐसे जुने लोक मानीत, आणि कैतानजी जुन्यांतले जुने. तेव्हा बाप्तिस्मा त्वरित उरकावा ऐसे ठरले, आणि तेथेच पेच पडला. आळीची पिढीजात रीत ऐसी की, लेकीच्या पहिल्या मुलाचा पाद्रीन, म्हणजे मुलाच्या वतीने देवास जबाब देणारा धर्मबाप, तो मामाच. आणि मामा तर दुमिंग! कैतानजींनी चुलतभावांची नावे सुचविली, परंतु इझाबेल बापाचीच लेक, हटून बसली. "आई अंथरुणाला खिळली तेव्हा माझ्या वेण्या कोणी घातल्या? चुलतभावांनी? पाद्रीन माझा दुमिंगच. नाहीतर राहू दे बाळ तसंच."

मग कैतानजी फादर लाझरस यांजकडे गेले. हे फादर नुकतेच राज्यात आले होते, आणि त्यांच्यासवे देवळात मोठी क्रांती आली होती, ती ऐसी की, लॅटिन भाषा पदच्युत होऊन मराठी गादीवर बसली होती. कैतानजी अनेक पोरांचे पाद्रीन जाहले होते, आणि दर वेळी लॅटिन प्रश्नापुढे "क्रेदो" म्हणोन मोकळे जाहले होते. क्रेदो म्हणजे विश्वास ठेवतो, हे त्यांस ठाऊक होते, परंतु पानाला चुना लावताना हात जसा थांबत नाही तसा तो शब्द तोंडातून निघे. फादरांनी सारे ऐकोन घेतले आणि म्हणाले, "रीत मोडा असं मी म्हणत नाही. पण उत्तरं त्याने स्वतः द्यायची. त्याच्या मनात शिरून मी बघणार नाही, पण कान माझे शाबूत आहेत." कैतानजी म्हणाले, "देईल, फादर. त्याला काय जड?" आणि हे ते मनापासोन म्हणाले. ज्यास देवाचे भय नाही त्यास खोट्याचे भय कसले? आजवर ज्या गोष्टीपायी जीव जळत होता तीच गोष्ट नातवाच्या कामी येते आहे, ऐसे पाहोन म्हाताऱ्यास बरेच वाटले.

मग पुत्रास बोलावोन म्हणाले, "तीनदा 'करतो' म्हणायचं, तीनदा 'ठेवतो' म्हणायचं. संपलं. तुझ्या बापाचं काही जातंय?"

दुमिंग म्हणाले, "बाबा, बाळाचं सगळं मी करीन. आजारपणं काढीन, शाळेत घालीन, मोठा होईतो पाठीशी उभा राहीन. पण तिथे जे म्हणवेल तेच म्हणेन."

कैतानजींनी यांतील आधीचे तेवढे ऐकिले, शेवटचे सोडोन दिले, आणि पाठीवर थाप मारोन म्हणाले, "शहाणा आहेस."

नेमिल्या रविवारी तिन्ही आळ्या लोटल्या. बाप्तिस्मा पाहावयास थोडे आले, नास्तिक देवापुढे कसा उभा राहतो ते पाहावयास उदंड आले. अंगणात बँडवाले तयार राहिले. दुमिंग इस्त्रीचा सदरा घालोन बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी उभे राहिले, शेजारी माद्रीन, म्हणजे धर्ममाता, मार्तिनबाय. बाळ मामाच्या हातावर गेले आणि घरघर चालू असताही निवांत झोपी गेले, हे पुष्कळांनी पाहिले. मग फादर लाझरस यांनी मराठीत प्रश्न केला, "सैतानाचा त्याग करता काय?" मार्तिनबाय म्हणाली, करते, आणि दुमिंग खणखणीत म्हणाले, "करतो." त्याच्या सर्व कृत्यांचा? "करतो." त्याच्या भुलवण्यांचा? "करतो." मागल्या बाकांवर कुजबूज उठली, बघा कसा पोपटासारखा बोलतोय! आणि कैतानजींचे डोळे भरोन आले, आणि त्यांस वाटले, आज मोनिका असती तर.

मग फादर म्हणाले, "स्वर्ग आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या सर्वसमर्थ देवबापावर विश्वास ठेवता काय?" मार्तिनबाय म्हणाली, ठेवते. दुमिंग बोलेनात. फादरांनी प्रश्न फिरोन केला. दुमिंगने बाळाकडे पाहिले आणि म्हणाले, "नाही, फादर. मला माफ करा. या पोरासाठी दुसरं काहीही सांगा. याला हातावर घेऊन खोटं नाही बोलवत मला."

हाहाकार जाहला! बाया उठोन उभ्या राहिल्या, कोणी क्रुसाची खूण केली, इझाबेल हुंदके देऊ लागली, आणि मार्तिनबाय संतापोन सर्वांस ऐकू जाईल ऐसे बोलली, "अरे मेल्या, एवढंसं खोटं बोलायला काय धाड भरली होती तुला?" बोलली, आणि आपण कोठे उभे राहोन काय बोललो हे ध्यानात येताच पदर तोंडात कोंबला.

फादर लाझरस यांनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा चढविला, आणि म्हणाले, "माद्रीन आहे, तेवढ्यावर बाप्तिस्मा होईल. पण पाद्रीन हवाच असेल तर कैतानजी, तुम्ही या." कैतानजी तरातरा पुढे जाहले, पुत्राकडे न पाहता बाळ त्याच्या हातोन घेतले, आणि प्रश्न जाहला, "देवबापावर विश्वास ठेवता काय?"

शब्द तोंडाशीच होता, जन्मभर तेथेच होता, परंतु निघेना. त्यांस दिसोन आले की, देव आहे म्हणणारा आपण, आणि त्याच देवाच्या कानी खोटे घालावयास पोराला शिकवोन आणले, जणू देव म्हणजे नाक्यावरचा जकातवाला, डोळ्यांत धूळ टाकिली की सुटलो! आणि देव नाही म्हणणाऱ्याने ते केले नाही. मग इतकी वर्षे आपण कोणापुढे गुडघे टेकीत होतो? इझाबेलचे हुंदके थांबले. फादरांनी घाई केली नाही. कैतानजींनी बाळाची घरघर ऐकिली, क्रुसाकडे पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि अगदी हलक्या आवाजात, जवळ उभे असणारासच ऐकू यावे ऐसे, म्हणाले, "ठेवतो." सुरकुत्यांतून पाणी वाहत होते. क्रेदो त्यांनी आजवर उदंड वेळा म्हटले, विश्वास त्या दिवशी ठेविला. मग बाळाच्या मस्तकी पाणी पडले, आणि बाळाने ऐसा टाहो फोडिला की अंगणातल्या बँडवाल्यांस तीच इशारत वाटोन त्यांनी वाजवावयास आरंभ केला.

दुमिंग देवळाच्या भिंतीपाशी एकटे उभे होते. लोक त्यांस वळसा घालोन जात. कैतानजी त्यांजपाशी गेले. लोकांस वाटले, आता काठी पडते. कैतानजी म्हणाले, "एक सांग मला. देव नाही म्हणतोस. मग खोटं बोलायला तुला अडवलं कोणी?"

"तुम्ही."

"मी? मी तर बोल म्हणून सांगत होतो!"

"लहानपणी पेरू चोरून मी नाही म्हणालो होतो, आठवतं? तेव्हा तुम्ही देवाचं नाव काढलं नाहीत. फोक काढलात. आणि मारून झाल्यावर न्हाणीत जाऊन रडत बसलात. मी दाराच्या फटीतून बघितलं, बाबा. खोटं तोंडाशी आलं की तुमचं ते रडणं आठवतं."

कैतानजींनी काठीने मातीत उगाच रेघा ओढिल्या आणि म्हणाले, "चल घरी जेवायला. इंद्याल थंड होतंय." आणि बापलेक सर्वांदेखत एका वाटेने गेले, आणि पंगतीत शेजारी बसले, आणि जेवणाआधी प्रार्थना जाहली तेव्हा दुमिंग हात न जोडता गप्प राहिले, आणि कैतानजींनी त्याबद्दल बोल लाविला नाही.

पुढे पोर सुधारले, गुटगुटीत जाहले, आणि मामाच्याच खांद्यावर बसोन वाढले. राज्याने या प्रसंगावरोन बोध घेतला तो येणेप्रमाणे की, पूर्वी नास्तिक खोटा असतो म्हणोन त्याचे भय होते, आता तो खोटेही बोलत नाही ऐसे कळले, तेव्हा भय दुप्पट बाळगावे. मार्तिनबाय अद्याप दुमिंगच्या मरणकाळच्या हाकेची वाट पाहते. कैतानजींनी पुत्रासाठी प्रार्थना सोडिली नाही. पूर्वी मागणे ऐसे असे की, देवा, याला सुधार. त्या दिवसापासोन मागणे ऐसे जाहले की, देवा, हा माझा पोरगा आहे, ओळख ठेव. इतुके वर्तमान कळले तितुके लिहिले.