वहिनी, डेरा घेऊन या

आमचे शेजारी रंगनाथभाऊजी बुऱ्हाणपूरच्या लालबागेत दोन पक्क्या खोल्यांत राहायचे आणि झोपायचे मात्र अंगणात तंबू ठोकून. खोल्यांत काय, तर तंबूचं सामान. गिरणीत हजेरी घ्यायचे, एकटा जीव. कुणी छपराचं नाव काढलं की म्हणायचे, "छप्पर म्हंजे झाकण. माणूस काय लोणचं है?"

दिवाळी सरली की ते यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, घेऊन तुकईथडकडे ओढ्याकाठी मुक्कामाला जायचे. लग्नानंतर त्यात माझी भर पडली. मी साताऱ्याकडची, नवी नवरी, आपल्याला सगळं कळतं अशा थाटातली. निघायच्या दिवशी भाऊजींनी बैलगाडीतून हाक दिली, "वहिनी, डेरा घेऊन या." माझ्या माहेरी डेरा म्हणजे ताक घुसळायचा मोठा मातीचा माठ. घरात नव्हता, तर चार घरं हिंडून मागून आणला. तंबू राहिला ओसरीवर. तळावर पोचल्यावर भाऊजींनी माठात डोकावलं आणि गंभीरपणे विचारलं, "यात आपण तिघं कसे मावणार?"

झोपलो गाडीखाली. चूक बुऱ्हाणपूरच्या भाषेची, असं म्हणून मी दोन दिवस रुसले होते. नातवंडं हे ऐकून अजून लोळतात.

पुढे मला लागोपाठ दोन पोरं झाली आणि त्याच सुमारास राज्यांची नवी वाटणी झाली. आम्ही जिथल्या तिथे. राजधानी तेवढी नागपूरहून उठून भोपाळला गेली. मुक्कामाच्या ओढ्यापलीकडचं गाव मात्र मुंबई राज्यात गेलं. धाकट्याला शेळीचं दूध लागे आणि शेळी नेमकी पलीकडे. भाऊजी तांब्या घेऊन काठावर खोळंबलेले. परराज्यातलं दूध आणायचं तर पुसायचं कुणाला, भोपाळला का मुंबईला, हे ना त्यांना कळे ना आम्हाला.

मुक्कामाची तर कळाच गेली. तंबूच्या दोरांवर दुपटी, मधल्या खांबाला झोळी, थोरली चुलीतली राख तोंडाला फासून बसलेली. आधी आम्ही पाखरं ऐकत बसायचो, आता पाखरं आमचा आवाज ऐकून पळायची. "पोरं म्हंजे बिनचाकाचं सामान," भाऊजी दिवसभर कुरकुरायचे. थोरली ते त्यांच्या पाठीवर बसून ऐकायची.

ती कुरकुर मी शहाणीने खरी धरली. पुढच्या वर्षी मुक्काम जवळ आला तशी त्यांच्या अंगणात गेले आणि मोठा उपकार केल्यासारखं सांगितलं की यंदा पोरं आजीकडे ठेवतो, आपण तिघंच जाऊ, पहिल्यासारखं. भाऊजी तंबूचा एक दोर सोडत होते, तोच परत बांधू लागले. ऐकू गेलं नसेल म्हणून मी पुन्हा सांगितलं.

"असं करा, वहिनी," ते दोराकडेच बघत म्हणाले, "तुम्ही दोघं जाऊन राहा आजीकडे. पोरांना तेवढं माझ्यासंग पाठवा."

मी हसले. मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पोरांचे गरम कपडे काढायला घरी गेले.