हेल्मुट करकोच्याची मान

जर्मनीतल्या एका जंगलात, मुलांनो, त्या दिवशी आम्ही प्राणी अळंबी वाळत घालत होतो. ऊन छान पडलं होतं. एवढ्यात कावळा आला आणि म्हणाला, "हेल्मुट पडला. नदीत. दगडासकट."

हेल्मुट म्हणजे लीझेल करकोचीचा मुलगा. आमच्या हवाई दलातला वैमानिक.

नदीपलीकडच्या जंगलाशी आमचं युद्ध चालू होतं. का, ते विचारू नका. आम्हीही विचारलं नव्हतं. हेल्मुट पायांत दगड धरून उडायचा आणि पलीकडे सोडून यायचा. सोडताना मान वर ठेवायची, खाली बघायचं नाही, असा दलाचा नियम होता.

तो परतला की सेनापती रानडुक्कर त्याच्या गळ्यात लोखंडी पदक घालायचा. आम्ही टाळ्या वाजवायचो. मी अस्वल, त्यामुळे माझ्या टाळ्या सगळ्यांत मोठ्या.

"अस्वलभाऊजी, पुरे करा आता," लीझेल म्हणायची. "पोराची मान खाली येते."

"विनय आहे तो, वहिनी!" मी म्हणायचो.

विनय नव्हता, वजन होतं. एकदा पलीकडे पोचल्यावर मान वर राहीचना. हेल्मुटला पहिल्यांदाच खालचं दिसलं.

घरी येऊन तो म्हणाला, "आई, तिकडे ओकच्या शेंड्यावर घरटं होतं. आपल्यासारखंच. पिल्लांनी मला बघून चोची उघडल्या. त्यांना वाटलं, मी खाऊ आणलाय."

"मग सोडलास दगड?"

"सोडल्यावर दिसलं, आई."

त्या फेरीलाही पदक मिळालं. मी टाळ्या वाजवल्या.

"आता नाही सोडणार," हेल्मुट म्हणाला. "परत घेऊन येईन."

"एवढं ओझं घेऊन? नदीत तरी टाक रे!"

"सरकारी दगड आहे, आई. वाया घालवला तर शिक्षा आहे."

दुसऱ्या दिवशी तो दगड घेऊन गेला आणि दगड घेऊनच परत फिरला. गळ्यात पदकं, पायांत दगड. अर्ध्या नदीपर्यंत आला.

मग आमची सभा भरली. चूक कुठे झाली यावर खूप चर्चा झाली. मीही बोललो, बरंच बोललो. लीझेल एवढंच म्हणाली, "त्या पलीकडच्या घरट्यात कुणी उरलंय का, बघून याल?"

"बघू, वहिनी," मी म्हणालो.

तात्पर्य : शूरांची पदकं शेपटीला बांधावीत, म्हणजे मान वर राहते. तसा ठराव एकमताने झाला, अंमलातही आला. नदीपलीकडचं ते घरटं बघायला मात्र अजून कुणी गेलेलं नाही.