येसोपंतांच्या पोथीस हरताळ लागला त्याची हकीकत

श्रीगजानन तुष्ट असोत, ऐकणाराचे दांत दिसोत. शके सोळाशें ऐंशीं, बहुधान्य नाम संवत्सर. लहानपणीं ऐकिलेला एक स्वर अद्याप कानीं आहे. आमच्या आळीची भागाबाई पहांटे जात्यावर बसे आणि गाई:

हसू आलं गं दाराशी, त्याला पाट मांडू बाई,
दुःख बसलं आधीचं, सरकून जागा देई.

तिचा भाचा येसोपंत त्या जात्यापाशीं वाढला आणि विनोद लिहिता जाहला. राज्यांत घरोघर वाचिला गेला. पुढें वृद्ध जाहले, दृष्टि मंदावली, लिहिलें तें एका टोपल्यांत होतें, त्यास वाळवी लागली. मग टोपलें डोईस घेऊन दरबारीं आले आणि अर्ज केला कीं, "महाराज, हें अवघें एकत्र बांधोन ग्रंथशाळेंत ठेवावें. मी जाईन त्याची फिकीर नाहीं, हीं पोरकीं होतील."

महाराजांनीं मुख्य पंडित वैजनाथशास्त्री यांजकडे पाहिलें. शास्त्री बोलिले, "ग्रंथशाळेंत वेदान्त आहे, नीति आहे, विरह आहे. खोकला आला म्हणोन कोणी तो बासनांत बांधितो काय?" पंत म्हणाले, "शास्त्रीबोवा, खोकला एकट्याचा. हसूं चौघांचें." सभा खुदकन हसली, आणि शास्त्रियांनीं उपरण्यानें तोंड पुसलें.

त्या राज्यीं चाल ऐसी कीं, पोथी सभेंत वाचावी, जेथें दोष दिसे तेथें पिवळा हरताळ फासून अक्षर झांकावें, आणि उरेल तें लाल बासनांत बांधावें. मग प्रश्न पडिला कीं, विनोदांत दोष कोणता? शास्त्रियांनीं निर्णय दिल्हा, "सभा हसेल ती ओळ उथळ." महाराजांनीं मान डोलविली, आणि वाचन मांडिलें. पुराणिक वाची, सभा हसे, दरबारी लेखक कुंचला ओढी. सेनापतींनीं मिशी दांतांत धरिली, तरी हसूं नाकावाटें निघालें. फडणीस खांबाआड गेले, तो खांबच हालूं लागला. पानें अंगणीं वाळत घातलीं तीं लग्नघरासारखीं पिवळीं जाहलीं. उरलें काय? "आणि", "मग", "इति". महाराज चिंतेंत पडिले कीं, बासनांत काय बांधावें? येसोपंत हसोन म्हणाले, "पोरीस हळद तर लागली, महाराज. आतां स्थळ पाहावें." परंतु टोपलें उराशीं ओढून धरिलें, तें सर्वांनीं पाहिलें.

मग शेवटचें पान निघालें. त्यांत किल्लेदाराचे तोफेंत कोंबडी अंडीं उबवीत बसली आणि शत्रु चालून आला. किल्लेदारानें निरोप धाडिला, "पिलें निघोत, मग युद्ध." शत्रूही घरचा गृहस्थ, त्यानें छावणी दिली आणि वर कोंबडीस कण्या पाठविल्या. सभा लोळली. लेखकानें कुंचला बुडविला, तों शास्त्रियांनीं पानावर पंजा ठेविला. हात पिवळा जाहला, पण उचलिला नाहीं. महाराजांनीं पुसिलें, "शास्त्रीबोवा, हें काय?" शास्त्रियांनीं दुसऱ्या हातें लेखकाचा कुंचला काढोन घेतला.

तेव्हां महाराजांनीं आज्ञा केली कीं, झांकिलें तें पुन्हा लिहावें. कोणीं सांगावें? तर ज्या ओळीस जो हसला होता, ती त्यास मुखोद्गत जाहली होती. सेनापतींनीं आपल्या सांगितल्या, फडणिसांनीं आपल्या, आणि सांगतां सांगतां पुन्हा हसले. ऐसी पोथी सभेच्या तोंडून पुरी जाहली, आणि लाल बासनांत बांधिली. सारांश, हरताळानें अक्षर झांकिलें, हसूं झांकिलें नाहीं.

गांठ मारावयास शास्त्री स्वतः पुढें आले. गांठ मारिली, आणि खालीं पाहत बोलिले, "पंत, आमची धाकटी लेक गेली, त्या वर्षीं घरांत शब्द नव्हता, जेवणही वेगवेगळें. शेजारचे ओसरीवर कोणी ही कोंबडी वाचीत होतें. भिंतीआड आमचें कुटुंब हसलें. मागोमाग मीही. लाज वाटली, म्हणोन आजवर कोणास बोललों नाहीं. त्या सांजेस, पंत, कुटुंबानें पुन्हा दोन पाट मांडिले."