खंड्याचा उपास

"झुंबर, पयली भाकर खंड्याची. आन् नुसती फेकू नगं, ताकात कुस्करून दे. त्याच्या तोंडात दात न्हाईत. माज्याबी न्हाईत, मला घालतीस तसंच त्याला घाल. त्यो हाय तवर, तुज्याच हातानं."

सरुबाई म्हातारी एवढे बोलली आणि दुसऱ्या दिवशी गेली. झुंबरबाईने "व्हय, आत्याबाई" म्हटले होते. मळवली गावात त्या वर्षी वचने पुष्कळ दिली गेली. रस्त्याचे होते, विहिरीच्या गाळाचे होते, पाटलांच्या मुलाच्या लग्नाचेही होते. पाळले जात होते ते एवढेच. रोज सकाळी चुलीवरून उतरलेली पहिली भाकरी मातीच्या परळात पडायची, वर ताक, आणि झुंबरबाई बोटांनी तिचा लगदा करायची. खंड्या, घरचा म्हातारा कुत्रा, एक डोळा मिटून, दुसरा पिकलेला डोळा उघडा ठेवून वाट बघायचा.

तशात घाटात विजेची इंजिने आली. लोणावळ्याच्या शेडमधली वाफेची इंजिने एका रात्रीत म्हातारी ठरली. इंजिन म्हातारे झाले की त्याला रंग लावून दुसऱ्या लाइनीवर धाडतात. फिटर जादा झाला की त्याला आफ्रिकेत धाडतात. झुंबरबाईचा नवरा भिमाजी फिटर, त्याला नैरोबीच्या कारखान्यात जागा मिळाली. बायको नेता येईल, असे कळले. कुत्र्याविषयी काहीच कळले नव्हते, आणि भिमाजीने तिथेच गप्प बसायला हवे होते. पण तो सरळ माणूस. तो विचारायला गेला.

लोणावळ्याच्या बाजारात जहाजाचा दलाल बसत असे. भिमाजी समोर उभा राहिला, झुंबरबाई उंबऱ्याशी बसली, खंड्या तिच्या पायाशी निजला.

"कुत्रा काम काय करतो?" दलालाने विचारले.

"निजतो."

"त्याआधी?"

"भुंकायचा."

"म्हणजे पेन्शनर." दलालाने चष्म्यावरून खंड्याकडे पाहिले. "पेन्शनरांना तिकडे उतरू देत नाहीत. तिथल्या सरकारवर बोजा पडतो. मूळ मालकाची हमी आणलीत तर बघू."

"मूळ मालकीन माजी आई. ती वारली."

"हरकत नाही. तिने स्वतः हजर राहून सांगितले तरी चालेल."

झुंबरबाई उंबऱ्यावरून हळूच म्हणाली, "दादा, आमी त्याला मांडीवर घिऊ. जागा न्हाई लागायची."

"मांडी प्रवाशाची, बाई. कुत्रा मालात मोडतो. माल मांडीवर ठेवला की मांडीसुद्धा मालात मोडते, आणि मालाला डेकवर बसता येत नाही." दलाल हे इतक्या सौजन्याने बोलला की भिमाजीने त्याचे आभार मानले.

परतताना भिमाजी गफूरच्या टांग्यात तोंड पाडून बसला होता. गफूर मळवली स्टेशनावरून कार्ल्याच्या लेण्यांकडे टांगा हाकायचा आणि जगातल्या सगळ्या गोष्टींवर त्याचे मत तयार असायचे.

"कुत्र्यापायी बायको हितं ऱ्हायली, तर लोक काय म्हनतील?" भिमाजी म्हणाला.

"आन् शब्द मोडला तर आत्याबाई काय म्हनतील?" शेजारी बसलेल्या झुंबरबाईने विचारले.

"ती काय म्हननार? ती मेली."

"म्हनूनच," झुंबरबाई म्हणाली. "जित्या मानसाची समजूत काडता येती."

गफूर घोड्याला म्हणाला, "ऐकलंस का रं? तुला आफ्रिकेत न्यायाचं झालं तर मी काय बोलू?" घोडा बोलला नाही. तो अजून कामावर होता.

प्रश्न घरात सुटेना, तेव्हा तो चावडीवर गेला. गावात कोणताही प्रश्न चावडीवर जाईपर्यंत लहान असतो.

चावडीवर सोपानराव जमादार बसले होते. फौजेतून पेन्शन घेऊन आल्यापासून त्यांना गावात अध्यक्ष व्हायला काही मिळाले नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला. "वचन म्हंजे काय? जमिनीवानी वस्तू हाय ती. एकाच्या नावावरची दुसऱ्याच्या नावावर चढवता येती. झुंबरचं वचन आमी गावाच्या नावावर चढवून घेतो. उद्यापास्नं खंड्याचं खानं गावाकडं. आठ दिस परीक्षा. कुत्रा धड ऱ्हायला, तर पोरीनं खुशाल जावं. म्हातारीचा आत्माबी थंड."

"आन् म्या आठ दिस त्याला घालायचं न्हाई?"

"तुजा हात लागला की परीक्षा रद्द."

भिमाजीला हे फार पटले. झुंबरबाईला पटायला वेळ लागला, पण सगळा गाव आपल्या वचनाला खांदा देतो म्हणतो, त्याला नाही कसे म्हणावे? तिने एवढेच सांगितले, "कुस्करून द्या. ताकात. दात न्हाईत त्याला."

'खंड्या-पालक मंडळ' तिथल्या तिथे स्थापन झाले आणि पहिल्याच बैठकीत कुस्करण्याचा मुद्दा निघाला. मंडळाने त्यावर सांगोपांग विचार केला. भाकरी कुस्करणे हे बायकांचे काम, यावर एकमत झाले. मंडळात बाई नव्हती. बाई घ्यायची तर तिला बैठकीला बोलवावे लागणार. आणि बाईने चावडीवर यायचे ते फिर्याद घेऊनच, अशी गावची रीत. सबब कुस्करण्याचा मुद्दा पुढच्या बैठकीवर ठेवावा आणि तूर्त भाकरी चालू करावी, असे ठरले.

रविवारी खंड्याला मारुतीच्या पारावर नव्या साखळीने बांधले. अध्यक्षांच्या हस्ते त्याच्यापुढे नाचणीची एक अख्खी, खडखडीत भाकरी ठेवण्यात आली. टाळ्या झाल्या. खंड्याने भाकरी हुंगली, चाटली, पंजाने उलटली, पुन्हा चाटली. मग त्याने अध्यक्षांकडे पाहिले आणि पंजावर डोके ठेवले.

"खात न्हाई," कोणीतरी म्हणाले.

"आज ऐतवार," सोपानराव म्हणाले. "नाव खंड्या. ऐतवार खंडोबाचा. धरला असंल."

सोमवारीही खाल्ले नाही. सोमवार शंकराचा. गावातली निम्मी माणसे सोमवार करीत, त्यांनी एकमेकांकडे अर्थपूर्ण पाहिले. मंगळवारी खाल्ले नाही. मंगळवार देवीचा. बुधवार हा पांडुरंगाचा वार आहे हे एका माळकऱ्याने ध्यानात आणून दिले. मराठी माणसाच्या आठवड्यात उपासाला निमित्त नाही असा वार काढायचाच कुठून? गुरुवारी मात्र काही शंका उरली नाही. गुरुवार दत्ताचा, आणि दत्तापाशी कुत्री असतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. भाकरींचा ढीग समोर असताना जो त्याला तोंड लावत नाही, तो कुत्रा असेलच कसा?

त्या दिवसापासून लोक त्याला 'खंडूबुवा' म्हणू लागले.

झुंबरबाई स्वतः सोमवार करायची, एकादशी करायची, चातुर्मासात एकवेळ जेवायची. तिला उपासातले कळत होते. उपास धरणाऱ्याला उद्या काय खायचे हे ठाऊक असते. बुधवारीच ती परळ घेऊन पाराकडे गेली होती. खंड्याने लांबूनच तिला ओळखले. शेपटी दोनदा जमिनीवर आपटली, तिसऱ्यांदा उचलली गेली नाही. तेवढ्यात मंडळाचा माणूस आडवा आला.

"वैनी, परीक्षा चालू हाय."

"त्यो उपाशी हाय रं, भावा."

"तेच तर आमी म्हनतूय."

"दात न्हाईत त्याला."

"साधूला दात कशाला?" तो म्हणाला आणि त्याने परळाला हात न लावता नमस्कार केला.

गुरुवारी संध्याकाळी पुण्याची माणसे उतरू लागली. गफूरच्या टांग्याला उसंत राहिली नाही. लेण्यांचे गिऱ्हाईक आधी पारावर थांबे. नारळ आले, केळी आली, पेढे आले. पेढा मऊ असतो, खंड्याने मान वर केली. पण नैवेद्य दाखवायचा असतो, द्यायचा नसतो. पेढ्यांचे ताट त्याच्या नाकापुढून फिरवून मंडळ ते भक्तांत वाटू लागले. कोणी उकडलेले रताळे आणले, म्हणाले, उपासाला चालते. सोपानरावांनी ते मागच्या मागे परत पाठवले. "निरंकार उपास हाय त्यांचा. रताळं दावून पुन्य नासू नका." खंड्या पाणी पितो, तर मग तो निरंकार कसा, यावर दोन शास्त्री तासभर भांडले आणि दोघेही पेढे घेऊन गेले.

शुक्रवारी गफूरची म्हातारी आई अजीजुन्निसा काठी टेकत पाराशी आली. तिने खंड्याकडे पाहिले, भाकरींच्या ढिगाकडे पाहिले.

"सोपाना, आज जुम्मा. आज कुनाचा उपास म्हनं ह्याचा?"

"अजीजमावशी, तुमच्यातला रोजा धरला असंल त्यानं. त्याला भेदभाव न्हाई."

गर्दीने या उत्तराला मान डोलावली.

"रोजा सांजच्याला सुटतो, बाबा," म्हातारी म्हणाली. "तुमचा ह्यो उपास सुटतो कवा?"

"मावशी, ह्यो धर्माचा प्रश्न हाय."

"कुत्र्याच्या का तुमच्या?"

हा मुद्दाही पुढच्या बैठकीवर ठेवण्यात आला.

शनिवारी जहाजाचा दलाल स्वतः सहकुटुंब दर्शनाला आला. त्याने खंड्यापुढे डोके टेकले आणि भिमाजीला बाजूला घेतले. "तुम्ही आधी बोलला नाहीत! पेन्शनर वेगळा, साधू वेगळा. धार्मिक वस्तूंना जहाजावर काही अडचण नाही. हवे तर केबिनमध्ये न्या."

भिमाजीचे डोळे चमकले. नैरोबीत आपल्या माणसांना देऊळ नाही, हे त्याला एकदम जाणवले. पण खंडूबुवा गावाबाहेर जायचे म्हटल्यावर सोपानराव खवळले. "आठ दिसांमागं ह्याला मांडीवर घ्यायला जागा नव्हती, आन् आता केबिन? समाधी हितंच हुईल!" दोन्हीकडून बराच वेळ आवाज चढले. शेवटी मध्यस्थांनी तोड काढली. समाधी मळवलीत, पादुका नैरोबीत. सोनाराला बोलावले. त्याने एकच शंका काढली, पादुका दोन घडवायच्या की चार? त्यावर मतदान घेऊन चार ठरल्या.

पाराशेजारी खड्डा खणून झाला. भोवती दगडी कठडा झाला. समाधी सोहळा रविवारी दुपारी ठरला. पुण्याच्या मंडळींना परतीची गाडी गाठता यावी म्हणून वेळ जरा अलीकडे घेतली. आता फक्त खंड्याने मरायचे बाकी होते, आणि त्यानेही चांगले सहकार्य चालवले होते. ऐन वेळी उपास मोडून कार्यक्रमाचा विचका होऊ नये म्हणून मंडळाने दवंडी दिली: अख्खी भाकरी वाहण्यास हरकत नाही, कुस्करलेली भाकरी आणण्यास सक्त मनाई.

त्या रात्री भिमाजी बायकोला म्हणाला, "बघ. परीक्षा पार पडली. गावानं तुजा शब्द पाळला."

"कसा पाळला?"

"अगं, रोज पयली भाकर त्याचीच होती."

 झुंबरबाईने पीठ चाळायला घेतले.

रविवारी सकाळी मुंबईची गाडी होती. ट्रंक टांग्यावर चढली. सोनाराने रातोरात घडवलेल्या चांदीच्या चार पादुका भिमाजीने छातीशी घेतल्या आणि तो पुढे बसला. झुंबरबाईने मागच्या सात दिवसांसारखीच पहिली भाकरी बाजूला काढली होती. ती तिने परळात मोडली, वर ताक ओतले आणि बोटांनी कुस्करली. एक कणही टणक राहू दिला नाही. परळावर पदर घेऊन ती बाहेर आली आणि टांग्यापाशी न थांबता पुढे चालू लागली.

"वैनी," गफूरने हाक मारली, "ठेसन हिकडं हाय."

"ठावं हाय, भाऊ."

"अगं, गाडी!" भिमाजी उभा राहिला. पादुका वाजल्या.

"तुमी व्हा म्होरं. तुमची गाडी हुकायची."

गफूरने लगाम सैल सोडला. घोडा जागचा हलला नाही, आणि गफूरनेही त्याला हाकला नाही.

दर्शनाची रांग तोवर स्टेशनाच्या फाटकापर्यंत आली होती. मोठी शिस्तीची रांग. जो तो स्नान करून आलेला, बहुतेकांनी खंडूबुवांच्या मानाने स्वतःही उपास धरलेला, प्रत्येकाच्या हातात एक अख्खी भाकरी. झुंबरबाई जवळ आली तेव्हा पदराखालून ताकाचा आंबूस वास सुटला, आणि तो सगळ्यांना ओळखू आला. ती म्हणाली, "जरा सरकता का? मला पुडं जायाचंय." तेव्हा रांगेतून कोणीतरी, अगदी शांतपणे, अगदी न्यायाने म्हणाले, "बाई, आम्हीसुद्धा पहाटेपासून उभे आहोत. नंबरानं या."

कोण म्हणाले ते सांगत नाही. तुम्हीही जवळच होतात. आवाज ओळखला असेल.

 झुंबरबाईने पदर नीट ओढून घेतला, ती रांग सोडून भाताच्या खाचरात उतरली, आणि परळ दोन्ही हातांत सांभाळत, एक थेंब न सांडता, बांधावरून पाराच्या मागच्या अंगाने निघाली.