पहिला धूर

माणसाच्या चारित्र्याची खरी परीक्षा थंडीत होते, आणि ती एकट्याने देता येत नाही. त्यासाठी शेजारी लागतात. उन्हाळ्यात काय, कोणीही ताठ मानेने फिरतो. ऑक्टोबरात नाक गळत असताना जो शेजाऱ्याकडे बघून "आज जरा उकडतंच आहे" म्हणू शकतो, त्याच्याच जोरावर समाज टिकून असतो.

आमच्या थॉर्नशॉच्या धक्क्यावर असा समाज टिकलेला आहे. कालव्याच्या काठाला अकरा होड्या बारा महिने बांधलेल्या असतात आणि त्यांत आम्ही राहतो. होडी म्हणजे सात फूट रुंद आणि पन्नास-साठ फूट लांब; एखादा बोळ उचलून पाण्यात सोडावा तशी. भिंती लोखंडाच्या, खाली पाणी, वर उत्तर इंग्लंडातल्या लँकेशरचं आभाळ. प्रत्येक होडीत एक लोखंडी शेगडी असते. तिच्यात कोळसा आणि लाकडं घालायची, धूर छपरावरच्या धुराड्यातून जातो, ऊब आत राहते. एकदा पेटली की एप्रिलपर्यंत ती विझू द्यायची नाही, इतकं सगळं सोपं आहे.

प्रश्न एवढाच, की मोसमातली पहिली शेगडी पेटवायची कोणी. याचं उत्तर आमच्याकडे तीन पिढ्यांपासून ठरलेलं आहे : दुसऱ्याने.

नियम असा. ज्या धुराड्यातून मोसमाचा पहिला धूर निघेल, त्या होडीच्या मालकाने एप्रिलपर्यंत दररोज सकाळी सर्व होड्यांची राख पुलापलीकडच्या पिंपात नेऊन टाकावी. तसंच सदर इसमास पुढील वसंतापर्यंत 'उन्हाळी पाहुणा' असं संबोधावं. (दुसरी शिक्षा पहिलीपेक्षा कडक आहे. उन्हाळी पाहुणे म्हणजे जुलैत आठवडाभर होडी भाड्याने घेऊन, डोक्यावर कप्तानाची टोपी घालून आमच्या होड्यांना धडका देत जाणारे लोक. त्यांच्यात गणना होण्यापेक्षा माणूस राखेच्या बादलीत स्वतःच जाऊन बसेल.)

दुसरा धूर मात्र गुन्हा नाही. पहिला दिसला, की उरलेली दहा धुराडी पाच मिनिटांत पेटतात. कारण शेगडीत ढलप्या सप्टेंबरपासूनच रचून ठेवलेल्या असतात आणि काडेपेटी खिशात असते. यावरून आमच्या लोकांची तयारी आणि संयम या दोन्ही गोष्टी एकदमच दिसून येतात.

या व्यवस्थेत मी मानद धूर-निरीक्षक आहे. कालव्यात पाणी अडवणाऱ्या फाटकाची लांब लाकडी दांडी असते, तिच्यावर बसून छपरांकडे बघणं हे माझं काम. उन्हाळ्यात धुराडं काढून ठेवतात आणि छपरावरच्या भोकावर रंगाचा रिकामा डबा उपडा घालतात, पाऊस आत येऊ नये म्हणून. डबा जागेवर आहे तोवर त्या घरातल्या माणसाच्या चारित्र्याविषयी बोलायला जागा नसते.

शेगडी न पेटवता ऊब मिळवण्याचे काही मार्ग मात्र मान्यताप्राप्त आहेत. गॅसच्या भट्टीत केक भाजता येतो. (ऑक्टोबरात आमच्याकडे दरडोई केकचं प्रमाण लग्नघरापेक्षा जास्त असतं. ते खाण्याची सक्ती नाही.) चहा करायचा नसला तरी किटली उकळता येते. कुत्रा मांडीवर घेता येतो. धक्क्यावर कुत्रा एकच, बिस्किट नावाचा, पण त्याच्या पाळ्या लावलेल्या आहेत. मध्यम आकाराचा कुत्रा अर्धं पोतं कोळशाएवढी ऊब देतो, आणि त्याची राख निघत नाही.

आता नॉर्मन एन्टव्हिसलविषयी. हा निवृत्त बसचालक, अंगाने भरभक्कम. त्याच्या आजोबांनी याच कालव्यावर कोळशाच्या होड्या हाकल्या, त्यामुळे आमच्यात त्याला मान. एन्टव्हिसलांच्या होडीतून पहिला धूर कधीही निघालेला नाही. यंदा तर नॉर्मनने एकावर एक चार स्वेटर चढवले होते. तो दारातून आडवा होऊन बाहेर यायचा आणि हात खाली यायचे नाहीत, म्हणून चहा त्याची बायको त्याला पाजायची.

शेजारच्या होडीत क्लाइव्ह. भूगोलाचा मास्तर होता, आणि नॉर्मन हरलेला बघणं ही त्याची एकच इच्छा उरली होती. तो रोज सकाळी शर्टाच्या बाह्या दुमडून बाहेर यायचा.

"काय रे नॉर्मन, गारठलास वाटतं?" असं विचारताना त्याच्या कपातला चहा हिंदकळून निम्मा कालव्यात जायचा.

"छे! हे स्वेटर वाळत घातलेत," नॉर्मन सांगायचा.

"अंगावर?"

"दोरी तुटली."

या सगळ्यात नॉर्मनची बायको एडना हिला कोणी काही विचारलेलं नव्हतं. (नियमात तशी तरतूद नाही.) एका गुरुवारी तिने नॉर्मनला हाक मारली. हे मला ठाऊक आहे, कारण होडीच्या खिडक्या काही घट्ट बसत नाहीत आणि निरीक्षकाला कान झाकून चालत नाही.

"नॉर्मन, हे लोणी बघ."

"काय झालं त्याला?"

"टेबलावरचं दगड झालंय आणि फ्रीजमधलं मऊ आहे. म्हणजे या घरातली सगळ्यात उबदार जागा फ्रीज. दार उघडून समोर बसू का मी?"

"बस की," नॉर्मन म्हणाला, "पण होडीची बॅटरी उतरेल."

एडनाने लोण्याची बशी टेबलावर आपटली. मग म्हणाली, "रविवारी संध्याकाळी पुलावरून शेवटची बस आहे. त्याआधी ही शेगडी पेटलेली दिसली तर मी इथे. नाही दिसली तर मी चालले बहिणीकडे, मेव्हिसकडे. तिच्या घरात प्रत्येक खोलीत भिंतीला गरम रेडिएटर आहे. संडासात पण."

"संडासात कशाला लागतो?"

"आपल्या संडासात दहा मिनिटं बसून ये, मग विचार."

"आणि परत कधी येशील?"

"मे महिन्यात," एडना म्हणाली. "उन्हाळी पाहुणी म्हणून."

नॉर्मनला हे फार लागलं. एडना गेली तर होडीत भांडी घासताना गुणगुणणारं कोणी राहणार नव्हतं, आणि त्या गुणगुणण्याशिवाय त्याला जेवल्यासारखं वाटत नसे. पण धूर काढला तर आजोबांच्या नावाला काजळी. माणसाने एका बाजूला बायको आणि दुसऱ्या बाजूला क्लाइव्ह ठेवून तोलून बघावं, हा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. नॉर्मनने तोलून बघितलं. पारडी सारखीच राहिली, ही त्याच्या दृष्टीने शरमेची गोष्ट होती, आणि ते त्याचं त्यालाही कळत होतं.

शनिवारी डॉटची कोळशाची होडी आली. डॉट ही उंचपुरी बाई, पोती एकटीने उचलते आणि गिऱ्हाइकाला, मग ते पाद्री का असेनात, 'राजा' म्हणते. ऑक्टोबरात आमच्या धक्क्यावर उघडपणे कोळसा कोणी घेत नाही. डॉटने आरोळी दिली, सगळ्यांनी पडदे ओढून घेतले. मग एकेक जण सहज फिरायला निघाल्यासारखा तिच्याकडे गेला.

"बटाटे आहेत का?" नॉर्मनने विचारलं.

"आहेत की राजा. काळे आहेत. चालतील?"

"चालतील. पोत्यावर बटाटे असं लिहून दे फक्त."

क्लाइव्हने कुंड्यांच्या तळाशी घालायला म्हणून एक पोतं नेलं. (त्याच्याकडे कुंडी नाही.) ज्या धक्क्यावर कोणीही कोळसा घेत नाही, तिथे डॉटने संध्याकाळपर्यंत अकरा पोती विकली. त्यातलं एक मी घेतलं, पण ते तपासणीसाठी नमुना म्हणून.

रविवारी दुपारी धुकं उतरलं. एवढं दाट, की दांडीवर बसल्या बसल्या मला माझे बूट दिसेनात. निरीक्षणाला अर्थ उरला नाही, म्हणून मी रीतसर निरीक्षण तहकूब केलं आणि आत जाऊन पाव भाजायला घेतला.

धुक्यात धूर दिसत नाही, ही गोष्ट कोणाच्याही लक्षात यावी इतकी सोपी आहे. अडचण एवढीच, की ती सगळ्यांच्याच लक्षात आली. प्रत्येक होडीत एकेका माणसाने स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन, आवाज न करता, काडी ओढली.

इथे शास्त्राचा थोडा भाग येतो. धुक्याच्या दिवशी वारा नसतो. धुराड्याचा पाइप सहा महिन्यांचा गार पडलेला असतो आणि उन्हाळ्यात त्यात कोळिष्टकांनी घर केलेलं असतं. अशा वेळी धूर वर जात नाही, आला तसा परत फिरतो. त्यातून नॉर्मनने छपरावरचा डबाही काढलेला नव्हता. विसरला नव्हता, चारित्र्याचा पुरावा म्हणून मुद्दाम तसाच ठेवला होता. त्यामुळे त्याच्या शेगडीतला सगळा धूर सरळ एडनाकडे गेला.

प्रत्येक होडीत विषारी वायूची सूचना देणारा एक भोंगा बसवलेला असतो. पहिला क्लाइव्हच्या होडीत बोंबलला. मग नॉर्मनच्या. मग धक्काभर एकामागून एक, थेट शेवटच्या होडीपर्यंत. बदकं उडाली. टेकडीवरच्या मेंढ्या दुसऱ्या टेकडीवर गेल्या. बिस्किट, ज्याची पाळी कोणाकडे होती ते शेवटपर्यंत कळलं नाही, पुलावर जाऊन बसला. दारं धडाधड उघडली आणि सगळी वस्ती खोकत काठावर आली.

धुकं मात्र नेमकं तेव्हाच विरळ झालं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. प्रत्येकाचं तोंड काळं होतं.

"पाव करपला," क्लाइव्ह म्हणाला. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

"माझाही," नॉर्मन म्हणाला.

"आमचाही," बाकीचे म्हणाले.

धुक्यामुळे डॉटची होडी अजून तिथेच अडकली होती. ती छपरावर उभी राहून हे बघत होती. "सगळ्यांचा?" तिने विचारलं. "एकदम? कुठल्या दुकानातला रे राजांनो?"

कर्तव्य म्हणून मी जागच्या जागी चौकशी केली. अकराही होड्यांत पाव करपल्याचं निष्पन्न झालं. (पैकी पाच होड्यांत पाव नव्हता. एका होडीत डॉक्टरांनी तो बंद केलेला होता. माझ्या होडीतल्या भोंग्याची चौकशी निरीक्षकाच्या अखत्यारीत येत नाही.) सबब पहिला धूर अद्याप कोणाचाही निघालेला नाही, असा निर्वाळा मी दिला. त्यावर सर्वांनी समाधान व्यक्त केलं आणि मग सगळे कुडकुडत उभे राहिले. मागे शेगड्या धुमसत होत्या. कोणीही एक शब्द बोललं असतं तर सगळे उबेला गेले असते. कोणी बोलेना. प्रत्येकजण अपेक्षेने दुसऱ्याकडे बघत होता.

तेवढ्यात एडना, बॅग आणायला पुन्हा आत गेलेली, बाहेर आली. अंगात कोट, हातात बॅग, चष्म्याच्या काचांएवढा भाग सोडून तोंड काळं. ती आमच्यामधून पुलाकडे चालायला लागली.

"एडना, थांब ना," नॉर्मन म्हणाला.

"पाव करपलाय ना तुझा? मग तो खरवडून खा."

पलीकडच्या वळणावर बसचा आवाज आला. नॉर्मनने क्लाइव्हकडे बघितलं. मग एडनाच्या पाठीकडे. तिच्या कोटाला मागून काजळीचा एक मोठा पंजा उठलेला होता. धुरातून तिला दाराबाहेर ढकलताना त्याचाच उमटलेला.

"पाव नव्हता," तो ओरडला. "शेगडी होती! मी पेटवली!"

शेवटचा भोंगाही थांबला.

"डबा तेवढा काढला नव्हता," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

एडनाने बॅग खाली ठेवली. बस पुलावर थांबली, कोणी चढलं नाही, निघून गेली.

"मग आता काढ की, बावळटा," ती म्हणाली. रडत होती की धुराने डोळे चुरचुरत होते ते सांगता येणार नाही.

"अरेरे, नॉर्मन! तू?" क्लाइव्ह म्हणाला. "उन्हाळी पाहुणा शेवटी!" पण हे वाक्य त्याने घाईघाईने आत शिरता शिरता पूर्ण केलं. पाच मिनिटांत दहा धुराडी छपरांवर चढली आणि दहा धूर निघाले. करपलेल्या पावाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

तेव्हापासून नॉर्मन रोज सकाळी साऱ्या धक्क्याची राख वाहतो. एकाच स्वेटरवर असतो. परत गेला की होडीतून गुणगुणणं ऐकू येतं, आणि लोणी आता फ्रीजमध्येच ठेवावं लागतं. बाकीचे लोक खिडकीतून त्याला बघतात आणि मान हलवतात. "माणूस चांगला होता," क्लाइव्ह म्हणतो, शेगडीपुढे पाय पसरून.

माझा अभिप्राय विचाराल तर प्रथा निकोप आहे, ती चालू राहावी. नॉर्मन नसता तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या कार्यकक्षेत येत नाही.

वाचकांपैकी कोणाला हे लोक चक्रम वाटले असतील, तर त्यांच्यासाठी एक सूचना. डिसेंबरातली पहाट आहे. तुमच्या खोलीत पंखा पाचवर फिरतो आहे. चौघे जण पाय पोटाशी घेऊन पडलेले आहेत, चौघेही जागे आहेत आणि चौघांनाही थंडी वाजते आहे. बटण सहा पावलांवर आहे. तुम्ही उठू नका. कोणीतरी नॉर्मन उठेलच. त्याने पंखा बंद केला, की पांघरुणातून तोंड बाहेर काढून त्याला विचारा, "काय रे, एवढ्यात थंडी वाजायला लागली तुला?"