तयार कानाची मुलगी

आपल्या मुलीइतका तयार कान अख्ख्या भोपाळमध्ये कुणाचा नाही, असं नरहर पांढरीपांडे छातीठोकपणे सांगत. त्या रविवारी सकाळी त्यांनी ते इंद्रपुरीतल्या दूधवाल्यालाही सांगितलं. दूधवाल्याने "अच्छा" म्हणून दूध मापलं.

मग ही मुलगी, योगिनी, शाहपुऱ्यातल्या आपल्या घरून आली आणि दर रविवारी व्हायचं ते झालं. बाबांनी वेताची खुर्ची फरशीवरच्या खडूच्या खुणांवर बरोब्बर ठेवली. समोर कपाटाएवढे दोन जुने विलायती स्पीकर. खुर्चीच्या पाठीमागे टेबलावर दोन ॲम्प्लिफायर: एक व्हॉल्व्हचा, ज्यात समईसारखे दिवे पेटत, आणि दुसरा चंदेरी जपानी रिसीव्हर. दोघांच्या मधे बाबांनी स्वतः केलेला पत्र्याचा डबा. डब्याचा खटका डावीकडे केला की स्पीकर व्हॉल्व्हवर चालत, उजवीकडे केला की रिसीव्हरवर. या स्पीकरांशी दोघांपैकी कोणाचं जमतं, हा प्रश्न बाबांनी तरुणपणी हाती घेतला होता आणि एखाद्या चौकशी आयोगाच्या चिकाटीने आजवर चालवला होता.

सतारीची रेकॉर्ड लागली. थोडी सतार. खटका. पुन्हा थोडी सतार.

"पहिला की दुसरा?"

"दुसरा," योगिनी म्हणाली.

"वाटलंच मला," बाबा म्हणाले आणि गंभीरपणे मान हलवली. मग आईने जेवायला हाक मारली. वांग्याचं भरीत होतं. बाबांनी परत वाढून घेतलं.

सोमवारी पहाटे बाबा झोपेतच गेले.

खरं म्हणजे योगिनीला त्या दोघांतला फरक कधीच कळला नव्हता. चार ओळी वाचून त्या कुठल्या लेखकाच्या हे ती सांगू शके. पण सतार तिला सतारीसारखीच ऐकू येई. लहानपणी एकदा तिने कंटाळून "दुसरा" म्हटलं आणि बाबा इतके खूश झाले की टी. टी. नगरला नेऊन त्यांनी तिला कुल्फी दिली. तेव्हापासून ती दुसराच म्हणत आली. दहावीच्या अभ्यासात म्हणाली, लग्न ठरल्यावर म्हणाली, बाळंतपणाला आली तेव्हा कळा सुरू व्हायच्या आधी म्हणाली.

तेरावं झालं. आईने आता लेकीकडे राहायचं असं ठरलं. योगिनीच्या फ्लॅटमध्ये स्पीकर कसेबसे मावणार होते. ॲम्प्लिफायर मात्र एकच. बाबांनी ठेवला असता तोच ठेवायचा, एवढंच तिला हवं होतं. पण तो कोणता? बाबांना विचारलं की ते म्हणत, "मला काय विचारतेस? तूच सांगतेस की दर रविवारी."

म्हणून बाबांचे कारखान्यातले दोन जुने सोबती आले. अशोककाका व्हॉल्व्हच्या पक्षाचे. त्यांच्या मते व्हॉल्व्हचा आवाज साजूक तुपासारखा आणि रिसीव्हरचा वनस्पती तुपासारखा. भालचंद्रकाका रिसीव्हरच्या पक्षाचे. त्यांच्या मते व्हॉल्व्ह म्हणजे रजई पांघरून गाणारा गवई.

"वाद कशाला घालायचा?" भालचंद्रकाका म्हणाले. "नरहरने ज्या कानावर भरोसा ठेवला, तो कान समोर बसलाय. बस बेटा."

"काका, तुम्हीच ठरवा ना. तुम्हाला जास्त कळतं."

"अगं, नरहर म्हणायचा, मीटर चुकेल, योगिनी चुकणार नाही. बस."

ती बसली. मागे खटका वाजला, सतार वाजली, पुन्हा खटका वाजला. बाबांनी घडवलेली एक मोठी प्रतिष्ठा आणि त्यांचा उरलेला अर्धा संसार आपल्या एका शब्दावर आहे, हे तिला कळत होतं. दुसरा कोणता शब्द तिला सुचला नाही.

"दुसरा."

"बघ, रिसीव्हर," भालचंद्रकाका म्हणाले.

"अबे, तू पहिल्यांदा रिसीव्हर लावलास. दुसरा व्हॉल्व्ह होता. मी बघत होतो."

"तू चष्मा घरी विसरलायस."

मग अशोककाका डोळ्यांवर नॅपकिन बांधून स्वतः खुर्चीत बसले. खटका इकडे, खटका तिकडे. "हा. हा व्हॉल्व्ह," ते म्हणाले. "बघ, कशी ऊब आली आवाजात." नॅपकिन काढला, खटका डावीकडेच होता. नंतर भालचंद्रकाका बसले आणि त्यांनीही रजई अचूक ओळखली. दोघांचेही कान सिद्ध झाले, त्यामुळे वाद होता तिथेच राहिला.

"आवाज थोडा उघडला की याचं खरं रूप कळतं," असं म्हणून अशोककाकांनी व्हॉल्व्हचं बटण फिरवलं. "आला बघ अंगात."

आवाज वाढल्यासारखं योगिनीला वाटलं नाही. पण आपल्या कानांविषयी तिला पूर्ण खात्री असल्यामुळे ती गप्प राहिली.

काकांनी आणखी फिरवलं. मग पूर्ण फिरवलं. सतार होती तशीच वाजत राहिली.

"सभ्य मशीन आहे," अशोककाका म्हणाले. "ओरडत नाही."

तेवढ्यात डब्यातून धूर आला.

भालचंद्रकाकांनी प्लग ओढला. आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली. अशोककाकांनी पेचकसने डब्याचं झाकण काढलं आणि दोघांनीही आत डोकावून पाहिलं.

"काय झालं?" योगिनीने विचारलं.

"खटक्याच्या दोन्ही बाजूंना रिसीव्हरच जोडलाय," भालचंद्रकाका म्हणाले. "व्हॉल्व्हच्या तारा स्पीकरपर्यंत जातच नाहीत. एका रेझिस्टरवर नेऊन संपवल्यात, म्हणजे नुसते दिवे पेटणार. तो रेझिस्टर आत्ता आपण जाळला."

"चुकून झालं असेल," योगिनी म्हणाली.

"इतकं सुबक चुकून होत नाही. सोल्डरिंगचं झाळकाम नरहरचंच आहे."

आईने ट्रे खाली ठेवला. "गेल्या उन्हाळ्यात केलं ते," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही. या स्पीकरांशी त्या दिवेवाल्याचं जमत नाही, असं त्यांचं पक्कं झालं होतं. मी म्हटलं, प्रश्न सुटला ना, मग तो डबा काढा एकदाचा, धूळ धरतो. तर म्हणाले, डबा काढला तर योगिनी बसायची कशी?"

सगळ्यांनी चहा घेतला.

"मला ऐकू आलं होतं रे," कप खाली ठेवत अशोककाका म्हणाले. "साजूक तूप."

"मलाही आलं, अशोक," भालचंद्रकाका म्हणाले, आणि व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर अशोककाकांच्या गाडीपर्यंत त्यांनी स्वतः उचलून नेला.

योगिनीने खुर्ची पुन्हा खडूच्या खुणांवर आणली. टेबल पुढे ओढून डबा हाताशी घेतला. रिसीव्हर लावला. रेकॉर्डवर सुई ठेवली. थोडी सतार ऐकली. खटका फिरवला. पुन्हा थोडी सतार ऐकली. गेल्या उन्हाळ्यापासून दर रविवारी ती इथे बसून "दुसरा" म्हणाली होती, आणि दर रविवारी पाठीमागून "वाटलंच मला" असं उत्तर आलं होतं.

आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती. योगिनीने खटका परत पहिल्या जागी आणला, आणि पाठीमागच्या माणसाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"दोन्ही सारखेच आहेत, बाबा."